अर्थसाक्षरतेचा पहिला पाठ गुरुजींच्याच घरी

मुखेड, कंधार, अहमदपूर किंवा चाकूर तालुक्यातील कोणतेही एक साधे घर डोळ्यांसमोर आणावे. सायंकाळी आईच्या मोबाइलवर संदेश येतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये जमा झाले की आणखी काही, हे तिला समजत नाही. तो संदेश वाचून दाखवण्याचे काम आठवीतल्या मुलीकडे असते. वडिलांच्या ‘पीएम किसान’च्या हप्त्याची चौकशी तीच करते. कृषी सेवा केंद्रात बियाण्याचे पैसे द्यायचे असतील, तर फोनमधून तेच हात पैसे पाठवतात. बँकेचे नाव सांगून कोणी दूरध्वनीवर गुप्त क्रमांक विचारला, तर तो सांगायचा की नाही, हा निर्णयही बहुधा त्याच चौदा वर्षांच्या मुलीला क्षणार्धात घ्यावा लागतो.

घराच्या अर्थव्यवहाराचा कारकून आज शाळकरी मूल झाले आहे. २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि गावोगावी खाती उघडली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पानटपरीवरही चौकटीचे चिन्ह लागले. पैसा पोहोचवण्याचे मार्ग दशकभरात विलक्षण वेगाने रुंद झाले. पैसा ओळखण्याचे, राखण्याचे आणि योग्य ठिकाणी लावण्याचे शिक्षण मात्र त्या वेगाने पोहोचले नाही. ज्याने ते द्यायचे, त्या शिक्षकाला तरी ते कोणी दिले आहे काय, हा आजचा खरा प्रश्न आहे. नांदेड आणि लातूर या दोन शिक्षणप्रेमी जिल्ह्यांनी या प्रश्नाला भिडावे, याला सबळ कारणे आहेत.

पुस्तकातील व्याज आणि चावडीवरील व्याज

शाळेत सरळव्याज शिकवले जाते. ‘द.सा.द.शे.’ ही अक्षरे प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठ असतात. दरसाल दरशेकडा दर, मुद्दल आणि मुदत यांचे सूत्र तो बिनचूक लिहितो व गुणही मिळवतो. त्याच विद्यार्थ्याच्या घरी पेरणीच्या तोंडावर हातउसने किंवा सावकारी पैसे येतात, तेव्हा भाषा बदलते. तेथे ‘शेकडा तीन’ किंवा ‘शेकडा पाच’ असे म्हणतात. हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. शेकडा पाच म्हणजे दरसाल दरशेकडा साठ! वीस हजार रुपयांवर महिन्याला एक हजार. व्याज थकत गेले आणि मुदलात चढत गेले, तर वर्षाअखेर ते वीस हजार सुमारे छत्तीस हजार होतात. दुसरीकडे, तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडते. शून्य आणि साठ यांमधील हे अंतर कित्येक संसारांच्या उभारणीचे किंवा पडझडीचे अंतर आहे. वर्गातील गणित आणि घरातील कर्ज यांची गाठ मात्र कोणी घालून देत नाही.

हीच गोष्ट सपाट दराची. ‘फक्त बारा टक्के’ असे सांगून वर्षभराच्या समान मासिक हप्त्यांवर दिलेल्या कर्जात व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवर मोजले जाते. मुद्दल दरमहा फिटत असते, पण व्याज कमी होत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात पडणारा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. बचत गटातील भगिनींना हे समजावून सांगू शकणारी सर्वांत जवळची सुशिक्षित व्यक्ती म्हणजे गावातील शिक्षक. तो स्वतः हा हिशेब मांडू शकतो काय, याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने प्रामाणिकपणे स्वतःलाच द्यावे.

मराठवाड्याला हिशेबाचे वावडे कधीच नव्हते. निजामी राजवटीत येथे हाली शिक्का चालत असे आणि ब्रिटिश हद्दीत कळदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कळदार, हे कोष्टक आडतीवरचा हमालही तोंडी सोडवी. १९४८ च्या मुक्तीनंतरही काही वर्षे हा हिशेब लोकांच्या जिभेवर होता. शाळा न पाहिलेल्या पिढीला दोन चलनांतील बट्टा कळत होता. शाळा शिकलेल्या पिढीला दोन व्याजदरांतील फरक कळू नये, हा दोष बुद्धीचा नाही. व्यवहार शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवला गेला, हे त्याचे कारण आहे.

विश्वासाची किंमत

मराठवाड्यात शिक्षकाचे स्थान केवळ वेतनधारी कर्मचाऱ्याचे राहिलेले नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणात उतरण्यापूर्वी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ पासून नांदेड येथे उभे आहे, त्यांनी शाळेलाच राष्ट्रजागरणाचे केंद्र केले. त्या परंपरेमुळे आजही गावात ‘गुरुजी म्हणाले’ या दोन शब्दांना वजन आहे.

ज्याला वजन असते, त्याच्यावर बाजाराचाही डोळा असतो. साखळी पद्धतीने वस्तू विकणाऱ्या योजना, दामदुपटीचे आमिष दाखवणाऱ्या संस्था, विमा आणि गुंतवणूक यांची मोट बांधलेल्या पॉलिसी गावात शिरतात, तेव्हा त्या प्रथम शिक्षकाचा दरवाजा ठोठावतात. त्याच्याकडे नियमित वेतन असते, हे एक कारण. त्याने पैसे ठेवले की गाव ठेवते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण. अनेक सज्जन शिक्षक अशा वेळी स्वतः फसतात आणि आपल्यामागे पालकांनाही नकळत घेऊन जातात. यात कपट नसते, अज्ञान असते. परिणाम मात्र तोच होतो.

२०२३ मध्ये बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेचे व्यवहार ठप्प झाले आणि मराठवाड्यातील ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या पुंजीवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. मुलीच्या लग्नासाठी, निवृत्तीनंतरच्या आजारपणासाठी ठेवलेला तो पैसा होता. न्यायालयीन प्रक्रिया तिच्या गतीने होईल. शाळेने त्यातून घ्यायचा धडा मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. बँक आणि पतसंस्था यांत फरक काय? बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ठेव ठेवताना सभासदत्वाचा अर्ज का भरून घेतात? मल्टिस्टेट संस्थेची नोंदणी केंद्रीय निबंधकाकडे असते, म्हणजे तक्रार कोठे करायची? दोन टक्के व्याज अधिक मिळते, ते कोणत्या जोखमीच्या बदल्यात? हे चार प्रश्न दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारता आले, तरी पुष्कळ घरांतील अश्रू टळतील.

सहकार वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. लक्ष्मणराव इनामदारांनी सहकार भारतीची उभारणी केली, ती संस्काराविना सहकार टिकत नाही या श्रद्धेने. संचालकाला प्रामाणिकपणाचा संस्कार हवा, तसा सभासदाला ताळेबंद वाचण्याचा संस्कार हवा. जागृत सभासद हेच सहकाराचे खरे कुंपण आहे.

प्रयत्न आहेत, पोहोच नाही

शासकीय पातळीवर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आणि निवृत्तिवेतन नियामक या चार संस्थांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र स्थापन झाले. सहावी ते दहावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी या केंद्राचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘मनी स्मार्ट टीचर’ म्हणून प्रमाणित केले जाते. २०२० ते २०२५ या काळासाठीच्या राष्ट्रीय धोरणातही अशा प्रशिक्षणाद्वारे क्षमता उभारणीवर भर होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण मिळावे, असे म्हटले आहे. चौकट तयार आहे.

तरीही याच केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील जेमतेम २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. पूर्वीच्या सर्वेक्षणातील २० टक्क्यांवरून ही वाढ झाली, हे खरे. पण चारांपैकी तीन माणसे अजून अंधारात आहेत. हा अनुभव केवळ भारताचा नाही. इंग्लंडने २०१४ पासून माध्यमिक शाळांच्या नागरिकशास्त्रात आर्थिक शिक्षणाचा समावेश केला. तेथेही विषय अभ्यासक्रमात आला, पण तो शिकवण्याचा आत्मविश्वास शिक्षकात कसा यावा, हा प्रश्न शिल्लक राहिला. शिक्षकाची तयारी झाल्याखेरीज छापलेले पुस्तक वर्गात बोलू लागत नाही.

येथे एक मूलभूत चूक होते. प्रशिक्षणात शिक्षकाला केवळ निरोप्या मानले जाते. सकाळी सादरीकरण, दुपारी भोजन, सायंकाळी प्रमाणपत्र आणि छायाचित्र, असा क्रम आटोपतो. शिक्षक स्वतः एक कुटुंबप्रमुख आहे, कर्जदार आहे, ठेवीदार आहे, याचा विचारच होत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शिक्षकाला परिभाषित अंशदान योजना लागू झाली. त्याची निवृत्तीनंतरची मिळकत मोठ्या प्रमाणात बाजारातील गुंतवणुकीशी जोडली गेली. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात मोठा संप झाला. त्या मागणीविषयी मतभेद असू शकतात. परंतु आपल्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम कोणत्या प्रकारच्या रोख्यांत जाते, हे त्यातील किती जणांना सांगता आले असते? तीन वर्षे शिक्षणसेवकाच्या मानधनावर काढलेल्या तरुण शिक्षकाला स्थायी होताच पतसंस्थेचे कर्ज, घराचे कर्ज आणि चारचाकीचे कर्ज एकदम गाठते. त्याच्या वेतनचिठ्ठीवर कपातींचीच यादी लांब असते. अशा शिक्षकाने मुलांना बचतीचे महत्त्व सांगितले, तर ते शब्द त्याच्याच ओठांवर अडखळतील.

म्हणून प्रशिक्षणाचा प्रारंभ शिक्षकाच्या स्वतःच्या वहीपासून व्हावा. तीन महिने त्याने घरचा जमाखर्च लिहावा, आपल्या सर्व कर्जांचे खरे दर काढावेत, आपल्या पॉलिसींत विमा किती आणि बचत किती हे तपासावे, वारसनोंदी पूर्ण कराव्यात. ही वही कोणाला दाखवण्याची नाही. ज्याची वही सुरू झाली, तोच वर्गात उभा राहील, एवढा नियम पुरेसा आहे.

लातूर पॅटर्नच्या पलीकडे

लातूरने परीक्षेच्या क्षेत्रात महाराष्ट्राला दिपवले. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या परिश्रमांतून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. नांदेडही त्याच वाटेवर आहे. आज मराठवाड्यातील कानाकोपऱ्यातून पंधरा-सोळा वर्षांची मुले या दोन शहरांत खोली घेऊन राहतात. खोलीभाडे, खानावळ, शिकवणीचे शुल्क आणि पुस्तके यांसाठी वडिलांनी सोयाबीन विकून पाठवलेला पैसा ते मूल आयुष्यात प्रथमच एकट्याने हाताळत असते. भौतिकशास्त्राचे अवघड प्रश्न सोडवणाऱ्या या मुलाला महिन्याचे अंदाजपत्रक कोणी शिकवलेले नसते. भ्रमणध्वनीवरील झटपट कर्ज आणि पैशांचे खेळ त्याच्या खोलीपर्यंत पोहोचले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो उगाच नव्हे. शेअर बाजाराच्या वायदे व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यक्तिगत सौदे करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांचा तोटा झाला, असे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक होता. वर्गातील हुशार मुलगाच या मोहाला प्रथम बळी पडतो, कारण आपण उरलेल्या सात टक्क्यांत आहोत, याची त्याला खात्री असते.

एक धोका मात्र टाळला पाहिजे. अर्थशिक्षण आले, तर तेही चार पर्यायांतील अचूक पर्याय निवडण्याच्या परीक्षेत अडकेल आणि त्याच्याही शिकवण्या निघतील! पैशाचा विवेक उत्तरपत्रिकेत मोजता येत नाही. मुलाने घरी जाऊन वडिलांना कर्जाचा खरा दर काढून दाखवला की नाही, हीच त्याची परीक्षा.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल. निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहार आणि ऑनलाइन माहितीचे रकाने यांनी आधीच वाकलेल्या खांद्यांवर आणखी एक ओझे कशाला? तक्रार रास्त आहे. म्हणूनच नवा विषय, नवी तासिका, नवे रकाने नकोत. गणितातील व्याज, नागरिकशास्त्रातील ग्राहकहक्क, भाषेतील अर्जलेखन हे आज आहेच. त्यातील उदाहरणे बदलायची आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोयाबीनला भाव नाही, सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी उभे पीक वाहून नेते. ज्याच्या हाती पैसाच नाही, त्याला पैशाचे नियोजन शिकवणे ही थट्टा नव्हे काय? अर्थसाक्षरतेने पाऊस पडत नाही आणि हमीभावही मिळत नाही, हे मान्यच केले पाहिजे. धोरणांचे अपयश शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलण्यासाठी या विषयाचा वापर कोणी करू नये. परंतु ज्याच्याकडे थोडे आहे, त्याचेच थोडे हिरावले जाऊ नये, याची काळजी अधिक घ्यावी लागते. श्रीमंताची एक चूक पचते, गरिबाची पचत नाही.

तिसरा आक्षेप संस्कारप्रेमी मंडळींचा. कोवळ्या वयात पैसा शिकवला, तर मुले पैशाच्या मागे लागतील. या भीतीचे उत्तर आपल्याच विचारपरंपरेत आहे. चार पुरुषार्थांत अर्थाला स्थान आहे, ते धर्माच्या मर्यादेत. पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या अर्थचिंतनात अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव ही दोन्ही धर्महानीची कारणे मानली आहेत. पैशाचे ज्ञान नसलेला माणूस पैशापासून मुक्त नसतो. तो पैसेवाल्याच्या आधीन असतो. शाखेतील बाल स्वयंसेवक गुरुदक्षिणेसाठी वर्षभर खाऊतील थोडे थोडे बाजूला काढतो, तेव्हा तो नियोजन, संयम आणि समर्पण एकाच वेळी शिकतो. कर्जाच्या हप्त्यांवर सण साजरे करायला शिकवणाऱ्या जाहिरातींना हेच खरे स्वदेशी उत्तर आहे.

आरंभ कोठून?

शासन आदेशाची वाट पाहत बसण्याची आवश्यकता नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर अनाथ आणि आपद्ग्रस्त मुलांसाठी हरंगुळ येथे जनकल्याण निवासी विद्यालय उभे राहिले. लातूरचे श्री केशवराज विद्यालय, नांदेड जिल्ह्यात सगरोळीची संस्कृती संवर्धन मंडळाची शाळा, अशा ध्येयनिष्ठ संस्था या भूमीत आहेत. त्यांनी प्रत्येकी पाच-दहा शिक्षक निवडून उन्हाळी सुट्टीत आरंभ केला, तर दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना आणि केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांना दाखवण्यासारखे उदाहरण तयार होईल. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न अध्यापक महाविद्यालयांनी भावी शिक्षकांच्या सरावपाठांत हा विषय घ्यावा. निवृत्त बँक अधिकारी आणि सनदी लेखापाल दोन्ही शहरांत विपुल आहेत. त्यांचा अनुभव घरी पडून आहे.

एक अट मात्र कठोरपणे पाळावी. ज्याला काही विकायचे आहे, तो प्रशिक्षक नको. विमा प्रतिनिधी, ठेवी गोळा करणारा, शेअर दलाल यांपैकी कोणीही शाळेच्या व्यासपीठावर येऊ नये, त्यांचे प्रायोजकत्व आणि फुकटच्या वह्याही नकोत. प्रशिक्षित शिक्षकाने आपण कोणत्याही आर्थिक योजनेचे दलाल होणार नाही, अशी प्रतिज्ञा सहकाऱ्यांसमोर घ्यावी. ‘गुरुजी म्हणाले’ या शब्दांचे पावित्र्य राखण्याचा हाच मार्ग आहे.

साधनेही आपल्याच अंगणातील असावीत. जिल्हा परिषद शाळांतून आनंदनगरी भरते. मुले भेळ, भाजी, चहा विकतात, पाहुणे कौतुक करतात आणि कार्यक्रम संपतो. त्या संध्याकाळी प्रत्येक दुकानाचा भांडवल, खर्च आणि नफ्याचा हिशेब फळ्यावर मांडला, तर तोच उत्तम तास होईल. आईने फुकट दिलेले तेल आणि पीठ खर्चात धरायचे की नाही, यावर वर्ग तासभर वाद घालील. एके काळी शाळांतून चालणारी ‘संचयिका’ मुलांना खातेपुस्तक हाताळायला शिकवी. आज रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. ते खाते वर्गातून उघडले जावे. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर सुविचाराइतक्याच ठळकपणे लिहावा.

संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा विषय समाजासमोर आला आहे. त्यातील कुटुंब प्रबोधन म्हणजे केवळ एकत्र भोजन आणि भजन नव्हे. महिन्यातून एकदा आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले यांनी एकत्र बसून घराचा जमाखर्च पाहावा, घरावर कर्ज किती आहे हे मुलांना विश्वासात घेऊन सांगावे, हेही प्रबोधनच आहे. कर्जाची गोष्ट लपवणाऱ्या घरात एकटा पडलेला कर्ता पुरुष कोणत्या टोकाला जाऊ शकतो, हे मराठवाड्याला सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या घरात हिशेब उघडा असतो, तेथे संकटही वाटून घेतले जाते.

आईच्या फोनवरील संदेश वाचणारी ती आठवीतली मुलगी उद्या सकाळी शाळेत जाईल. शेकडा पाच म्हणजे वर्षाला किती, हे ती गुरुजींना विचारील. त्या वेळी गुरुजींनी खडू हातात घेऊन उत्तर मांडावे आणि ते मांडताना आपल्या घरच्या वहीची आठवण होऊन त्यांचा स्वर खाली जाऊ नये. एवढे साधले, तरी शिक्षक प्रशिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.